नळ चौथ्या दिवशी, डास आठव्या दिवशी

सोलापूर हा दुष्काळी जिल्हा. कोकणासारखा चार महिने कोसळणारा पाऊस आपल्या नशिबात नाही. जून-जुलैत ढग येतात, दोन सरी देतात आणि निघून जातात. खरा पाऊस पडतो तो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. म्हणून आपल्याकडे तापाचा हंगामही उशिरा सुरू होतो. मुंबईचे लोक ऑगस्टमध्ये डेंग्यूबद्दल बोलतात, तर आपल्या मोहल्ल्यांतले दवाखाने सप्टेंबरच्या अखेरीस भरू लागतात आणि दिवाळीपर्यंत भरलेलेच राहतात.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत राहते. इथे टॉवेल आणि चादरींचे कारखाने आहेत, सूत रंगवणारे डाइंग आहेत, मालाचे ट्रक आहेत. जमीन काळी. या मातीत पाणी लवकर मुरत नाही. ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाऱ्यांत पाऊस साठतो आणि आठ-आठ दिवस तसाच राहतो. त्यात सायकली घसरतात, मुलांचे बूट अडकतात, पाळी सुटलेले कामगार चपला हातात घेऊन रस्ता पार करतात. दर वर्षी कुणीतरी त्या डबक्यांचा फोटो काढून मोबाईलवर फिरवतं आणि खाली लिहितं, ‘इथून डेंग्यू पसरणार.’

संताप रास्त आहे. रस्ता आणि गटार करून देणं ज्यांचं काम आहे, त्यांनी ते करायलाच हवं. पण त्या फोटोखालचं वाक्य पूर्ण खरं नाही. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत ज्या घरांत डेंग्यू, चिकुनगुनिया आला, त्या घरांना आजार बहुधा रस्त्यावरच्या गढूळ पाण्यानं दिलेला नाही. तो घरातल्या स्वच्छ पाण्यातून आलेला असतो. न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या निळ्या बॅरलमधून.

साचलेलं पाणी सगळं सारखं नसतं. गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक वेळा हाच, आणि हत्तीरोग पसरवतो. खड्डे, विहिरी, तळी, बांधकामावरची टाकी अशा ठिकाणी ॲनोफिलिस वाढतो, तो हिवतापाचा. रस्त्यावरच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असेल आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. शिवाय पाइपलाइनवर डबकं साचलं तर आणखी एक धोका असतो. नळाला पाणी नसतं तेव्हा पाइपात दाब नसतो, आणि फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी येतं त्यात ती असू शकते. कावीळ, जुलाब, टायफॉइड त्यातूनच.

डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास मात्र वेगळा. त्याचं नाव एडिस. अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास घाणीच्या वाटेला फारसा जात नाही. त्याला लागतं निवळ, शांत, सावलीतलं पाणी. म्हणजे नेमकं आपण घरात जपून ठेवतो ते.

सोलापुरात नळ रोज येत नाही, हे बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं. कुठे तिसऱ्या दिवशी, कुठे चौथ्या, कधी पाचव्या. उजनी धरण भरून पाणी खाली भीमेत सोडल्याची बातमी पेपरात येते, त्या दिवशीही आमच्या नळाला हवाच असते. ‘पानी आया क्या?’ हा आमच्याकडे सलामनंतरचा पहिला प्रश्न. त्यामुळे प्रत्येक घरात दोन-तीन बॅरल, एखादा सिमेंटचा हौद, घागरी, कळशा आणि जमलं तर गच्चीवर टाकी. बायका रात्री दोनला उठून पाणी भरतात. त्या पाण्याचा एक तांब्या सांडला तरी घरात भांडण होतं.

आता एडिसचा हिशेब बघा. मादी पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, बॅरलच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी काळ्या बारीक कणांसारखी, डोळ्यांना सहसा न दिसणारी. पाणी खाली गेलं, भिंत सुकली, तरी ती मरत नाहीत. कित्येक महिने तशीच चिकटून राहू शकतात. मग नळ येतो, आपण बॅरल काठोकाठ भरतो, पाणी अंड्यांपर्यंत पोचतं आणि त्यांतून अळ्या बाहेर पडतात. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नळ चौथ्या दिवशी येतो, पण तोवर बॅरल पूर्ण रिकामं झालेलं नसतं. तळाशी वीतभर पाणी असतं, त्याच्यावरच नवं पाणी पडतं. म्हणजे बॅरल महिनोन्‌महिने खऱ्या अर्थानं रिकामं होतच नाही. भिंत ओली होते, सुकते, पुन्हा ओली होते. एडिसला याहून चांगलं घर मिळणार नाही.

झाकण उघडून बघितलं तर अळ्या दिसतातच असं नाही. सावली पडली की त्या झटकन तळाला जातात. बॅटरी लावून दोन मिनिटं थांबावं लागतं, मग त्या श्वास घ्यायला वळवळत वर येतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत आरोग्य विभागाची एक मुलगी पाहणीला आली होती. शेजारच्या चाचींच्या बॅरलमध्ये तिनं बॅटरी मारली आणि म्हणाली, “मावशी, अळ्या झाल्यात. हे सगळं ओतून द्या.”

चाची म्हणाल्या, “ओतते की, बाई. पण नळ परवा आहे. तोवर सात माणसांचं कसं करू, तेही सांगून जा.”

मुलगी गप्प झाली. तिचाही इलाज नव्हता, ती खाली दिलेलं काम करत होती. तिनं पाण्यात औषधाचे थेंब टाकले, दारावर खडूनं तारीख लिहिली आणि पुढच्या घरी गेली. ‘कोरडा दिवस पाळा’ हा सल्ला शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. पण तो ज्याच्या घरी रोज नळ येतो त्याला सोपा. चौथ्या दिवशी पाणी मिळणाऱ्या बाईला तो सल्ला म्हणजे दोन दिवसांची तहान.

आजाराची किंमतही सगळ्यांना सारखी पडत नाही. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा माझ्या खालाला तो झाला. खाला विड्या वळायची. सोलापुरात हजारो बायका हेच काम करतात, हिंदू आणि मुसलमान, तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या. अक्कलकोट रस्त्यानं पुढे कुंभारीला गेलात तर विडी कामगारांच्या घरकुलांच्या अख्ख्या वसाहती दिसतात. विडीची मजुरी हजारावर ठरते. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचं, सगळं बोटांच्या पेरांवर. चिकुनगुनियाचा ताप आठवड्यात गेला, पण तो सांधे धरून बसला. सकाळी खालाच्या हाताची मूठ वळायची नाही. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई चार महिने तीनशेवर अडकली. कुणीही तिला ‘आजारी’ म्हणत नव्हतं, कारण ताप नव्हता. पण घरात येणारे पैसे तिपटीनं घटले होते.

त्या दिवसांत एक गंमतही झाली होती. नावात ‘चिकन’ ऐकून लोकांनी कोंबडी खाणं सोडलं. आमच्या भागातले चिकनवाले माशा मारत बसले. खरं तर हा शब्द आफ्रिकेतल्या टांझानियाकडच्या माकोंदे भाषेतला. त्याचा अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ च्या सुमारास तिथल्या साथीत रोगी सांधेदुखीनं वाकून चालत, त्यावरून हे नाव पडलं. खालाकडे बघितल्यावर नावाचा अर्थ कुणाला विचारायची गरज नव्हती.

हा रोग आपल्याकडे नवा आहे, असंही तेव्हा सगळे म्हणत होते. तो नवा नव्हता. १९७३ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, चिकुनगुनियाची साथ येऊन गेली होती. शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, आणि पाहणीत शंभरातल्या सुमारे सदतीस लोकांना हा आजार झाल्याची नोंद झाली. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ देशात या रोगाची मोठी साथ नोंदली गेली नाही. म्हणून चिकुनगुनियाच्या भारतातल्या इतिहासावरच्या शास्त्रीय लेखांत बार्शीचं नाव येतं. आम्ही सोलापूरकर मात्र ते विसरून गेलो. १९७३ म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाला लागून आलेलं वर्ष. भांड्याभांड्यात पाणी जपण्याचे दिवस जुन्या लोकांना आठवत असतील.

डासांच्या इतिहासात आणखी एक विसरलेला माणूस आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या इंग्रज डॉक्टरनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला. हैदराबादला लागून आहे तेच सिकंदराबाद. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं, आणि २० ऑगस्ट हा जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. पण त्या डासांच्या पोटात जे रक्त होतं ते हुसेन खान नावाच्या एका हिवतापाच्या रुग्णाचं होतं. त्यानं डास अंगाला चावून घ्यायचे आणि रक्त प्यायलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा मिळायचा. शोधावर नाव रॉसचं लागलं, आणि हुसेन खानच्या वाट्याला काही आणे आले. आमच्या वस्तीतल्या लोकांना मात्र डास चावतो तो फुकट, आणि त्यावर दवाखान्याचं बिल.

एडिस दिवसा चावतो, हेही एमआयडीसीच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. मच्छरदाणी रात्री लावतात. सकाळी आणि संध्याकाळ होता होता, जेव्हा हा डास सगळ्यात जास्त चावतो, तेव्हा कामगार मागावर उभा असतो. हाफ पँट, बनियन, अंगावर घाम. कारखान्याच्या मागच्या बाजूला जुने टायर, रंगाचे रिकामे ड्रम, पत्र्याच्या पन्हाळी, सुताच्या गठ्ठ्यांवर टाकलेलं प्लॅस्टिक आणि त्याच्या घडीत साठलेला पाऊस. वस्तीत एडिस वाढायला मोठं तळं लागत नाही, नारळाची करवंटी पुरते. आणि हा डास फार लांबही उडत नाही, शे-दोनशे मीटर. म्हणजे कारखान्यात चावलेला डास बहुधा कारखान्यातलाच. मालकांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास एका माणसाला फक्त याच कामावर लावलं, तरी पाळ्या बुडायचं कमी होईल. हा परोपकार नाही, त्यांच्याही फायद्याचा व्यवहार आहे.

माझा धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला डेंग्यू झाला. चार दिवस तापानं अंग भाजत होतं, डोळ्यांमागे दुखत होतं. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. घरात सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. भावानं डबा मागितला, कारण पाळीवर गेलं तरच पगार. अम्मीनं त्याचा हात धरला तर हात गार, आणि पहाटेपासून त्याला तीनदा उलटी झाली होती. पोट दुखतंय म्हणाला. अम्मी शिकलेली नाही, पण ती म्हणाली, “ताप उतरलेला माणूस असा दिसत नसतो. रिक्षा बोलवा.” सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी त्याला लगेच दाखल करून घेतलं. सहा दिवसांनी तो घरी आला.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते सगळ्यांना माहीत असावं. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं आणि रक्तदाब घसरतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस अस्वस्थ किंवा एकदम सुस्त होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणून ‘मला होऊन गेलाय, आता भीती नाही’ असं समजू नये.

तापाला दुकानातून आणलेली कुठलीही गोळी घेऊ नये. पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ओआरएस, पेज, सरबत भरपूर द्यायचं. आणि प्लेटलेटच्या एका आकड्यावर घर डोक्यावर घ्यायचं नाही. डॉक्टर रक्तदाब, लघवी, रोग्याची एकूण अवस्था बघतात, आपणही तेच बघावं.

आता थोडं आपल्या दीनबद्दल. आपल्याकडे पाणी पाक आहे की नापाक, याची लहानपणापासून जाण दिली जाते. ती चांगलीच आहे. पण पाक पाणी आणि निर्धोक पाणी यात फरक आहे. बॅरलमधल्या निवळ पाण्यानं वजू होतो, आणि त्याच पाण्यात एडिस वाढतो. रात्री भांडी झाकून ठेवावीत, पाण्याच्या मशकींची तोंडं बांधावीत, अशी ताकीद हदीसमध्ये आली आहे, आणि तिथे कारणही साथीच्या रोगाचं दिलं आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करायला मनाई आहे. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण खुतब्यात ते ऐकून घरी आल्यावर बॅरलच्या फुटक्या झाकणाकडे आपली नजर जात नाही. सप्टेंबरातल्या एका जुम्याला इमामसाहेबांनी पाच मिनिटं बॅरलबद्दल बोलावं, अशी माझी साधी विनंती आहे. ते धुराच्या गाडीपेक्षा जास्त काम करेल. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्यात नवे डास तयार होतात.

जुन्या मशिदींच्या हौदांत मासे सोडलेले असायचे. आम्ही मुलं ते बघत बसायचो. ते मासे नुसती शोभा नव्हते, अळ्या खायचे. आज हिवताप विभाग टाक्यांत गप्पी मासे सोडा म्हणून सांगतो, ते हेच. कब्रस्तानात कबरींवर पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवतात. ते सवाबचं काम बंद करायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा ती भांडी घासून नवं पाणी घालायचं, एवढंच.

मग पाणी न ओतता काय करायचं? आमच्या गल्लीतल्या बायकांनी आता एक पद्धत धरली आहे. नळाच्या दिवशी, पाणी येण्याआधी, बॅरल सगळ्यात खाली गेलेलं असतं. तेव्हा उरलेलं वीतभर पाणी बादलीत काढायचं. अळ्या दिसल्या तर ते फडक्यातून गाळून फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरायचं आणि फडकं कडक उन्हात वाळत घालायचं. मग बॅरलची आतली भिंत काथ्यानं घासायची, तळापेक्षा वरच्या कडेला जास्त, कारण अंडी तिथेच असतात. पाच मिनिटांचं काम. पाणी भरल्यावर तोंडावर जुन्या ओढणीचं किंवा सुती साडीचं कापड ताणून, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. कापड पाण्याला टेकता कामा नये. टॉवेलच्या गावात आहोत म्हणून टॉवेल बांधू नका, तो पाणी शोषतो आणि लोंबतो. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं भंगार, हे जुमेरातला एकदा बघून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी जुम्यासाठी घर आवरतोच, त्यात हेही.

चाचींनी तेच सुरू केलं. खडूनं तारीख लिहून गेलेली मुलगी पंधरा दिवसांनी पुन्हा आली, तेव्हा बॅटरी मारून बराच वेळ बघत उभी राहिली आणि मग हसली.

पण हे लिहून झाल्यावर सगळी जबाबदारी बायकांच्या काथ्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. बॅरल आमच्या हौसेचं नाही. नळ रोज आला असता तर ते न्हाणीघरात उभंच राहिलं नसतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं, पंचनामे झाले, पुढारी येऊन गेले. ते पाणी सगळ्यांना दिसलं. घराघरातल्या बॅरलमधलं पाणी कुणालाच दिसत नाही आणि त्याचा पंचनामाही होत नाही. म्हणून मतं मागायला कुणी गल्लीत आलं, तर रस्त्याच्या डबक्याबद्दल विचाराच, पण त्यांना जरा आत बोलवा आणि न्हाणीघरही दाखवा. किती बॅरल आहेत ते मोजायला लावा. नळ किती दिवसांनी येतो ते सांगा. आणि तो रोज कधी येणार, याची तारीख मागा. तोवर नळाच्या दिवशी पाच मिनिटं काथ्या.